घरी आणि सोसायटीत इलेक्ट्रिक गाडी चार्ज करताना: गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यातल्या आमच्या इमारतीत चोवीस फ्लॅट आणि आता पाच इलेक्ट्रिक गाड्या आहेत. पहिली माझी. त्यामुळे "भाऊ, एक विचारू का?" हे मी लिफ्टमध्ये ऐकलंय, मासळी घेताना ऐकलंय आणि एकदा तर सोमवारच्या पालखीच्या गर्दीतही ऐकलंय. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. मी इलेक्ट्रिशियन नाही. काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यायचं, पण त्याच्याशी काय बोलायचं ते इथे आहे.

मोठा वॉल बॉक्स (भिंतीवर बसवायचा चार्जिंगचा डबा) लावलाच पाहिजे का? पंधरा अँपिअरचा पॉइंट पुरत नाही का?

बहुतेकांना पुरतो. आधी आपण रोज किती फिरतो ते पाहा. म्हापसा ते पणजी जाऊन-येऊन सव्वीस-सत्तावीस किलोमीटर. फोंडा-पणजी साठच्या आसपास, मडगाव-पणजी पासष्ट-सत्तर. लहान-मध्यम गाडी एका युनिटात साधारण ६ ते ८ किलोमीटर जाते. म्हणजे फोंड्याहून पणजीला नोकरीला जाणाऱ्याला रोज आठ-नऊ युनिटं लागतात, आणि चार्ज होताना वाया जाणारी दहा-पंधरा टक्के धरली तर दहा. पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर गाडीबरोबर आलेला चार्जर ३.३ किलोवॅट ओढतो. तीन तासांत काम झालं. रात्री दहाला लावून झोपलात तर एकच्या सुमारास गाडी भरून स्वस्थ उभी असते.

लोक बॅटरी पूर्ण रिकामी धरून हिशोब करतात आणि घाबरतात. ४५ युनिटांची बॅटरी ३.३ वर शून्यापासून भरायला पंधरा तास लागतात हे खरं आहे. पण रोज रात्री शून्यावर येणारी गाडी गोव्यात टॅक्सीवाल्याचीच असेल. अख्ख्या राज्याची उत्तर-दक्षिण लांबीच शंभर-एकशेपाच किलोमीटर आहे.

७.२ किलोवॅटचा वॉल बॉक्स घ्यावा तो घरात दोन इलेक्ट्रिक गाड्या असतील, गाडी धंद्याची असेल, किंवा संध्याकाळी उशिरा येऊन पहाटे घाट चढायची नेहमीची पाळी असेल तर. आणि आधी आपली गाडी किती घेऊ शकते ते बघा. भिंतीवरचा डबा खरं म्हणजे चार्जर नव्हेच. तो फक्त सुरक्षितपणे वीज गाडीपर्यंत पोचवतो. घरातल्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी वीज करणारा चार्जर गाडीच्या पोटात असतो. तो ३.३ चा असेल तर भिंतीवर ७.२ चा डबा लावा की ११ चा, गाडी ३.३ च घेणार. टियागो, नेक्सॉनसारख्या गाड्यांत ३.३ आणि ७.२ असे दोन्ही प्रकार विकले गेले आहेत, तेव्हा बिलावरचं मॉडेल नीट वाचा.

माझं मत विचाराल तर वॉल बॉक्सवर घालायचे पैसे अर्थिंगवर (वीज जमिनीत सोडणाऱ्या सुरक्षेच्या जोडणीवर) आणि चांगल्या केबलवर घाला.

एसीचा किंवा गीझरचा जुना पॉइंट वापरला तर?

गीझर वीस मिनिटं चालतो. एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होतो. गाडी मात्र चार-चार तास न थांबता १४-१५ अँपिअर ओढत राहते. त्यात सॉकेटची पितळी पट्टी जराशी ढिली असली की तिथे उष्णता साठते. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी पोर्चमधला जुना पॉइंट वापरला. पंधरा दिवसांनी प्लग निघेना. ओढून काढला तेव्हा खालच्या दोन पिनांपैकी एक तपकिरी झाली होती आणि सॉकेटच्या भोकाभोवतीचं प्लास्टिक मेणासारखं वितळून घट्ट झालं होतं.

म्हणून नवीन, जाड पट्टीचा औद्योगिक सॉकेट बसवा. मीटरपासून त्याच्यासाठी स्वतंत्र वायर आणा. मध्ये दुसरा एकही पॉइंट नको. एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नको. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा: कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

चार्जरवर लाल दिवा लागतो आणि "अर्थ नाही" असं दाखवतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो, "जुगाड करून देतो." चालेल?

नाही. हा एकच प्रश्न वाचून बाकीचं सोडलंत तरी चालेल.

अर्थ नीट नसेल तर गाडी चार्ज घ्यायला नकार देते, आणि ते तुमच्या भल्यासाठीच. माझ्या घरी पहिल्यांदा आलेल्या माणसाने पाच मिनिटांत दिवा हिरवा करून दिला. मला कौतुक वाटलं. नंतर दुसऱ्याने सॉकेट उघडला तेव्हा आत बोटभर लांबीची एक हिरवी वायर दिसली, न्यूट्रलच्या स्क्रूमधून निघून अर्थच्या स्क्रूत घातलेली. गाडीला वाटतं अर्थ आला. पण मागे कुठे न्यूट्रल ढिला झाला किंवा तुटला, की फेजचा करंट त्याच वायरीतून थेट गाडीच्या पत्र्यावर येतो. पावसात ओल्या पायांनी दार उघडायला जाणाऱ्याचं मग काय होईल ते सांगायला नको.

आपल्याकडे अर्थिंगची अडचण जमिनीपासून सुरू होते. चिऱ्याची, म्हणजे जांभ्याची जमीन. पावसात ओल असेतो ठीक, पण मार्च-एप्रिलमध्ये ती कोरडी ठक्क होते आणि अर्थचा रोध वाढतो. जानेवारीत चालणारा चार्जर मे महिन्यात रुसतो त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. जुन्या घरांत तर अर्थ म्हणून नळाच्या पाइपाला गुंडाळलेली तार सापडते, आणि तो पाइप मधल्या काळात प्लास्टिकचा झालेला असतो.

गाडीसाठी वेगळा खड्डा घ्या, खोल, आणि भोवती ओल धरून ठेवणारं मिश्रण भरा. विहिरीजवळ किंवा न्हाणीघराचं पाणी जातं त्या बाजूला जागा मिळाली तर उत्तम. मीटर लावून रोध मोजून घ्या आणि आकडा कागदावर लिहून मागा. ५ ओहमच्या आत असावा. घरच्या घरी ढोबळ तपासणी करायची तर मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजा: दोन्ही जवळपास सारखे, २३० च्या आसपास. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसू नयेत.

एमसीबी, आरसीसीबी यातलं काय लागतं?

दोन्ही. एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) वायरीला वाचवतो, आरसीसीबी (करंट गळाला की पडणारा) माणसाला. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा घ्या, आणि तो गाडीच्या लाइनला स्वतंत्र असू द्या, म्हणजे तो पडला तरी घरातला फ्रिज बंद पडणार नाही. घरात नेहमी लावतात तो एसी (AC) प्रकारचा चालत नाही, निदान ए (A) प्रकारचा मागा. दुकानदार "सगळे सारखेच" म्हणेल, तर डब्यावरचं चिन्ह बघून घ्या.

मीटर रूम एका टोकाला आणि माझं पार्किंग दुसऱ्या टोकाला. केबल केवढी घालू?

इथे कंजूषी केली की ती रोज नडते. समजा अंतर ४० मीटर आणि चार्जर ३२ अँपिअरचा. तांब्याची ४ स्क्वेअर एमएमची वायर घातली तर जाता-येता मिळून सुमारे १२ व्होल्ट वाटेतच जातात. ६ ची घातली तर ८, १० ची घातली तर पाचच्या आत. आता गावातलं संध्याकाळचं होल्टेज आधीच २०५-२१० असेल तर आणखी १२ उतरल्यावर चार्जर कुरकुरणारच. पंधरा अँपिअरच्या पॉइंटला याच अंतरावर ४ ची वायर छान चालते.

स्टिल्टमधून (इमारतीखालच्या खांबांवरच्या पार्किंगमधून) नेताना आर्मर्ड, म्हणजे धातूच्या कवचाची, केबल घ्या. आमच्याकडे घुशी आहेत, तुमच्याकडेही असणार.

वीज खात्याकडून लोड वाढवून घ्यावा लागतो का?

बिलावर मंजूर लोड किलोवॅटमध्ये लिहिलेला असतो, तो बघा. जुन्या फ्लॅटांना दोन-तीन किलोवॅट लिहिलेले असतात आणि घरात आज दीड टनाचा एसी, २ किलोवॅटचा गीझर, मिक्सर, वॉशिंग मशीन हे सगळं आहे. त्यात ३.३ ची गाडी आली तर लोड वाढवणं भागच आहे, आणि ७.२ चा डबा लावायचा तर बहुधा थ्री फेजपर्यंत गोष्ट जाते. स्थिर आकार मंजूर लोडावर मोजला जातो, तेव्हा महिन्याचा खर्च थोडा वाढेल. पण त्या भीतीने न सांगता गाडी लावू नका. मीटरजवळचा कटआउट (मुख्य फ्यूज) जळतो आणि मग लाइनमनला काय सांगायचं ते सुचत नाही.

गावच्या घरांची खरी अडचण लोडाची नसून नावाची असते. मीटर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन तीस वर्षं झाली, घरावर काका-आत्या मिळून अकरा हिस्सेदार. बिल भरलं जातं म्हणून कुणी हात लावलेला नाही. लोडाचा अर्ज केला की हा विषय निघतोच. गाडी बुक करण्याआधी नाव बदलण्याच्या कामाला लागा. गाडीची डिलिव्हरी लवकर मिळते, आत्यांच्या सह्या नाही.

बिल किती वाढेल?

महिन्याला हजार किलोमीटर धरा, साधारण दीडशे-एकशेसाठ युनिटं. गोव्यात घरगुती दर शंभर-शंभर युनिटांच्या टप्प्यांनी चढतात आणि चारशेच्या वर शेवटचा टप्पा लागतो. गाडीची युनिटं तुमच्या आजच्या वापराच्या डोक्यावर बसतात, म्हणून हिशोब सरासरी दराने करू नका. तुम्ही सध्या ज्या टप्प्यात आहात त्याच्या आणि त्याच्या वरच्या दराने करा. तरीही पेट्रोलच्या शेजारी ठेवला तर तो आकडा लहानच राहतो. संयुक्त वीज नियामक आयोग, म्हणजे जेईआरसी, आपले दर ठरवतो. त्याच्या दरपत्रकात ईव्ही चार्जिंगचा वेगळा वर्गही आहे. ज्यांचं घरगुती बिल आधीच शेवटच्या टप्प्यात आहे त्यांनी तो दर ताडून बघावा.

सोसायटी परवानगी देत नाही. कायदा काय म्हणतो?

केंद्राच्या वीज (ग्राहकांचे हक्क) नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार ग्राहकाने मागितलं तर गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणी द्यायची जबाबदारी वितरकावर आली, आपल्याकडे म्हणजे वीज खात्यावर. नवीन जोडणीच्या मुदतीही कमी झाल्या: पालिका क्षेत्रात ७ दिवस, ग्रामीण भागात १५. त्याआधी २०१९ मध्ये केंद्राने नमुना इमारत उपविधींत सुधारणा करून नव्या इमारतींच्या पार्किंगमध्ये २० टक्के जागांना चार्जिंगची सोय असावी असं सुचवलं होतं.

पण नियम हातात धरून मीटिंगला जाऊ नका. वीज खातं जोडणी देईल, केबल जाणार ती मात्र सगळ्यांच्या मालकीच्या भिंतीवरून. तिथे सोसायटीचा कागद लागतोच. मी पहिल्या मीटिंगला नियमाची प्रत घेऊन गेलो आणि तासभर भांडण झालं. चेअरमनना नियमाशी घेणं नव्हतंच, त्यांची भीती एवढीच होती की मी कॉमन मीटरवर गाडी चार्ज करीन आणि बिल सगळ्यांवर पडेल. दुसऱ्या वेळी एक पानी पत्र नेलं. पार्किंगचा नंबर, केबल कुठून कुठे जाणार त्याचं हाताने काढलेलं चित्र, केबलची जाडी, कंत्राटदाराचा परवाना क्रमांक, वीज माझ्याच मीटरवरून येणार हे ठळक अक्षरांत, आणि भिंत फोडली तर रंगासकट दुरुस्त करून देण्याची हमी. दहा मिनिटांत मंजूर.

आणि हो, गोव्यातल्या कितीतरी इमारतींत निम्मे फ्लॅट दिल्ली-मुंबईच्या मालकांचे, वर्षातून पंधरा दिवस उघडणारे. कोरमच भरत नाही. त्यांची संमती ईमेलवर आधीच मागवून ठेवा.

आमची सोसायटी नोंदलेलीच नाही, बिल्डरच सगळं बघतो. मग?

मग बिल्डरकडून पत्र घ्या आणि शेजाऱ्यांच्या सह्या जोडा. पार्किंगची जागा विक्रीखतात तुमच्या नावाने लिहिलेली आहे का तेही याच निमित्ताने तपासा. नुसत्या तोंडी वाटपावर केबल घालून घेतली आणि पुढे जागांची अदलाबदल झाली, तर तुमचा पॉइंट आणि दुसऱ्याची गाडी अशी गंमत होते.

उद्या सगळ्यांनीच गाड्या घेतल्या तर इमारतीचा लोड झेपेल?

दहा गाड्या, प्रत्येकी ३.३ किलोवॅट, सगळ्या एकदम लावल्या तर ३३ किलोवॅट. हा आकडा ऐकून मीटिंगमध्ये शांतता पसरते. पण प्रत्येकीला दीड-तीन तासच लागतात आणि रात्र आठ तासांची असते. निम्म्यांनी अकराला आणि निम्म्यांनी दोनला टायमर लावला की एका वेळी १६-१७ किलोवॅटवर भागतं, तेही एसी-गीझरची गर्दी संपल्यावर. बहुतेक गाड्यांत किंवा त्यांच्या ॲपमध्ये वेळ लावायची सोय असते.

मोठ्या संकुलांनी मात्र सुरुवातीलाच एक जाड मुख्य केबल आणि पार्किंगच्या ओळीवरून केबल ट्रे टाकून घ्यावा. जो गाडी घेईल तो ट्रेमधून आपली वायर ओढून घेईल. एकेकाने वेगवेगळी भिंत फोडली तर तीन वर्षांत स्टिल्टमध्ये कोळ्याचं जाळं होतं.

त्यापेक्षा सगळ्यांसाठी एकच कॉमन चार्जर लावला तर?

पाहुण्यांसाठी आणि ज्यांचं पार्किंग उघड्यावर आहे त्यांच्यासाठी ठीक. त्याला सबमीटर किंवा ॲपवर पैसे घेणारा चार्जर लावा. चार्जिंगचे पैसे घेण्यासाठी वीज विक्रीचा परवाना लागत नाही हे केंद्राने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. फक्त घरगुती जोडणीवरून धंदा करू नका, होमस्टेवाल्यांनी तर नाहीच. त्यांनी योग्य वर्गाची जोडणी घ्यावी. रोजच्या वापरासाठी मात्र कॉमन चार्जर म्हणजे रात्री बारा वाजता खाली उतरून दुसऱ्याची गाडी काढायला सांगणं. दोन आठवडे सगळे गोडीने करतात.

पावसात चार्ज करता येतं का?

येतं. गाडीचा आणि बंदुकीचा, म्हणजे गाडीत घालायच्या प्लगचा, जोड पाणी गृहीत धरूनच बनवलेला असतो. भीती आहे ती भिंतीवरच्या सॉकेटची. तो किमान आयपी ५५ च्या (धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा) झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर आणि पावसाची झड लागणार नाही अशा भिंतीवर हवा. पणजीत मळा भागात किंवा अठरा जून रस्त्याच्या आसपास, जिथे जोराच्या पावसात रस्ताच ओढा होतो, तिथे आणखी वर घ्या. केबल डब्यात खालून घाला, वरून घातली तर पाणी तिच्या अंगावरून थेट आत उतरतं.

वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात चार्जर काढून ठेवा. स्वतंत्र घर असेल तर सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारं साधन) लावाच, आणि तोही चांगल्या अर्थशिवाय निरुपयोगी आहे हे लक्षात ठेवा. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, मेन बंद करून डबा उघडून बघावा: स्क्रूंवर हिरवट थर, मुंग्यांचं वारूळ, नाहीतर सुकलेली पाल यातलं काहीतरी सापडतंच. गाडी माडाखाली लावू नका हे सांगायला पाहिजे का?

आगीचं काय?

आग बॅटरीपेक्षा वायरिंगच्या चुकीने लागण्याचा संभव जास्त, म्हणून वरचं सगळं एवढं लांबवलं. त्याशिवाय चार्जिंगचा पॉइंट जिन्याच्या तोंडाशी, गॅस सिलिंडरांच्या बाजूला किंवा स्टिल्टमधल्या जुन्या गाद्यांच्या ढिगाशेजारी घेऊ नका. मेन स्विच लांबून हाताला येईल असा ठेवा. आग लागलीच तर स्विच पाडा, माणसं बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ लावा. फोन करताना गाडी इलेक्ट्रिक आहे हे सांगा, कारण तिला बराच वेळ भरपूर पाणी मारावं लागतं. स्कूटरची काढता येणारी बॅटरी रात्री झोपायच्या खोलीत किंवा दारासमोर चार्ज करू नये, आणि फुगलेली असेल तर कुठेच करू नये.

इन्व्हर्टरवर किंवा सोसायटीच्या जनरेटरवर?

नको. लाइट आली की गाडी आपोआप पुढे चार्ज होते.

सोलर लावलं तर फुकटात?

१ किलोवॅट पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिटं देतं, म्हणजे रोजच्या चोवीस-पंचवीस किलोमीटरची सोय. गाडी दिवसा ऑफिसला असते, पण नेट मीटरमुळे दिवसाची वीज हिशोबात जमा राहते. पीएम सूर्यघर योजनेत घराला ३ किलोवॅटपर्यंत जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचं अनुदान आहे. सोसायटीला सामायिक सोयींसाठी किलोवॅटला १८,००० रुपये, आणि त्या सोयींत गाड्यांचं चार्जिंगही धरलेलं आहे. आमच्या सोसायटीत हा ठराव दोन वर्षं गच्चीवरच्या टाक्यांच्या वादात अडकलाय.

चतुर्थीला गावच्या घरी चार दिवस गाडी कशी चार्ज करायची?

घरून शंभर टक्के भरून निघा, बहुतेकांना तेवढं पुरतं. लागलंच तर चार्जरवर किंवा गाडीच्या पडद्यावर करंट कमी करायची सोय आहे का बघा आणि ८ किंवा १० अँपिअरवर ठेवा. जुन्या घराच्या वायरिंगला तेवढंच झेपतं. माटोळीवरची (गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीवरची) रोषणाई, देवाच्या खोलीतले पंखे, आरतीचा स्पीकर आणि मागच्या दारी चाललेला मिक्सर हे सगळं बहुधा एकाच फ्यूजवर असतं, तेव्हा संध्याकाळी लावू नका. रात्री आरत्या-भजन आटोपून सगळे झोपल्यावर लावा. आणि आधी मल्टिमीटरने अर्थ बघा. आमच्या घरी तो नव्हता, म्हणून गेल्या वर्षी विसर्जनानंतर पहिलं काम विहिरीच्या बाजूला खड्डा खणायचं केलं. खर्च तिन्ही भावांनी वाटून घेतला. गाडी अजून एकाकडेच आहे.